बघायला आलेली माणसं

हरिभाऊ भोईर ब्रश पाण्यात बुडवला की त्याचं टोक ओठांत धरून टोकदार करायचे. ऑफिसात सगळेच तसं करायचे म्हणे. बाकीच्यांची सवय नोकरीबरोबर सुटली, हरिभाऊंची राहिली. त्यामुळे त्यांच्या खालच्या ओठाच्या मधोमध कसला ना कसला रंग लागलेला असायचाच. त्यांच्या पत्नी, चांगुणावहिनी, दार उघडतानाच मला सांगत, "आज हिरवा हाय." मग मी समजायची, आज कुणाला तरी लुगडं नेसवणं चाललंय.

त्यांना जाऊन दीड महिना झाला. त्यांच्याविषयी लिहावं असं पहिल्या आठवड्यातच वाटलं होतं, पण बसले की आधी स्वतःचीच चूक लिहिली जायची आणि ते मागे राहायचे. ते बरोबर नाही. म्हणून आज त्यांच्या ओठापासून सुरुवात केली.

जुईनगरच्या आमच्या इमारतीत ते पहिल्या मजल्यावर आणि मी तिसऱ्या. मी मूळची साताऱ्याकडची. इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काम करून निवृत्त झाले. हरिभाऊ इथलेच, शिरवणे गावचे. नवं शहर आखणाऱ्या सरकारी कार्यालयात ते ट्रेसर होते. जमीन गेली त्या बदल्यात घरटी एकाला नोकरी मिळत होती, ती यांना मिळाली, कारण भावांमध्ये अक्षर यांचं चांगलं होतं. इंजिनियर लोकांनी आखलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचा आणि मग त्याच्या प्रतींवर हाताने रंग भरायचे, हे त्यांचं काम. घरांना पिवळा, दुकानांना निळा, कारखान्यांना जांभळा, बागांना हिरवा. कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. तिथूनच ते निवृत्त झाले.

ते नव्या नावांनी काहीच ओळखत नसत. आमच्या लिफ्टच्या जागी त्यांच्या चुलत्यांचं खळं होतं. त्यामुळे "संध्याकाळी खळ्यावर भेटू" म्हणजे लिफ्टपाशी. पार्किंगला ते खाचर म्हणत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा पार्किंगवरून जोराचं भांडण झालं. दोघं जण आपापला नंबर सांगत उभे होते, आवाज चढले होते. हरिभाऊ मागून शांतपणे म्हणाले, "भांडू नका. त्या खाचरात दर पावसाळ्यात पाणी भरायचं. गाडी ज्याची असेल त्याची बुडेल." सगळे हसले. त्या जुलैत दोन गाड्या बुडाल्या, तेव्हा त्यांच्याकडे बघून कुणी हसलं नाही.

दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हा त्यांचा नियम इतका कडक होता की वहिनींना त्याचा कंटाळा यायचा. माझ्याकडून नेलेल्या वर्तमानपत्राची जाहिरातींची पुरवणीसुद्धा ते परत आणून देत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत जे चित्र होतं, त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती: 'जुनी फ्रेम, तुटकी, एक. घेऊन जाण्यास हरकत नाही.' खाली साहेबांची सही. ऑफिस दुसऱ्या इमारतीत गेलं तेव्हा जुन्या साहेबांच्या केबिनमधलं ते चित्र भंगारात निघालं होतं. कुणी हटकलं नसतं, तरी हे सहीसाठी दोन दिवस थांबले.

चित्र जुनं होतं, विलायती. कुण्या राणीच्या राज्याभिषेकाची मिरवणूक. छाप काळ्या शाईचा आणि त्यावर त्या काळी कुणीतरी हाताने रंग भरलेले. मधोमध सोन्याची बग्गी, तिला आठ दुधी रंगाचे घोडे, पुढेमागे लाल डगल्यांचे शिपाई, मागे त्यांचं खांबांचं, पायऱ्यांचं देऊळ, म्हणजे चर्च. रस्त्याच्या दोन्ही अंगांना, पायऱ्यांवर, सज्जांत, खिडक्यांत माणसंच माणसं. तांदळाएवढी डोकी, पण प्रत्येकाला नाक-डोळे होते. या माणसांना मात्र त्याने रंग दिला नव्हता. पूर्वी असे छाप रंगवणाऱ्यांना भराभर हात चालवावा लागे. राजा, घोडे, शिपाई रंगवून झाले की गर्दी तशीच सोडून देत.

मी ग्रंथालयातली. चित्र पाहिलं तशी पुस्तकं काढून बसले आणि आठवडाभराने ती राणी कोण, ते देऊळ कोणतं, हे सगळं शोधून खाली उतरले. हरिभाऊंनी नीट ऐकून घेतलं, मला चहा दिला आणि म्हणाले, "बरं झालं कळलं. पण बाई, राणी कुणीही असू दे. तिला सगळे ओळखतात. ही बघायला आलेली माणसं कोण, ते तुमच्या पुस्तकात आहे का?"

नव्हतं.

"मग ते मी बघतो," ते म्हणाले.

निवृत्तीनंतर त्यांनी त्या गर्दीत रंग भरायला सुरुवात केली होती. एका वेळी एकच माणूस. आणि तो माणूस शिरवण्याचा असे. ज्याच्या ज्याच्या शेतावर नकाशात यांनी रंग दिला होता, तो. पहिल्यांदा मला हे कळलं तेव्हा मी गंमत म्हणून ऐकलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, ऑफिसात लागून सहा महिने झाले असताना त्यांच्यापुढे शिरवण्याचाच कागद आला. सर्व्हे नंबर सगळे पाठ. चुलत्याचं, मावशीचं, शेजाऱ्याचं, शेवटी बापाचं. दिवसभर त्यांनी पिवळा भरला. कुठेही रेषेबाहेर गेला नाही. साहेबांनी पाठ थोपटली. संध्याकाळी घरी गेले तेव्हा वडील ओटीवर बसले होते. त्यांनी ओठाकडे बघून विचारलं, आज हळद लागली काय रं तुला? हरिभाऊ मोरीवर गेले आणि तोंड धुऊन आले.

"कुणाला विचारलं नव्हतं," ते मला म्हणाले. "विचारून काय होणार होतं, ते सोडा. पण मी तरी विचारायला हवं होतं. म्हणून आता विचारतो."

आणि खरोखर विचारत. कागदावर माणूस उभा करण्याआधी ते शिरवण्यात त्याच्या घरी जात. तो हयात नसला तर त्याच्या बायकोला, मुलाला विचारत. कुठे उभं राहायचं, कुणाशेजारी, अंगावर काय. खिशात भिंग आणि चित्राचा मोबाइलवर काढलेला फोटो. एकदा मीही बरोबर गेले होते. धर्मीबाय म्हणून नव्वदीच्या एक आजी होत्या. दोन दोन मजली घरांच्या मधल्या बोळात खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. हरिभाऊंनी त्यांना सगळं समजावलं, राणीची मिरवणूक हाय, तुला खंय उभी करू? आजींनी लसूण खाली ठेवला. मग म्हणाल्या, "उबी नको करू रं. माजं गुडगं दुकतान. बसव मना."

घरी येऊन हरिभाऊ दोन दिवस भिंग घेऊन बसलेलं माणूस शोधत होते. मिरवणुकीत कुणी बसत नाही. शेवटी देवळाच्या पायरीवर, खांबाआड, एक बाई बसलेली सापडली. तिला त्यांनी हिरवं लुगडं दिलं आणि धर्मीबायला दाखवून आणलं. आजींनी फोटो डोळ्याजवळ धरला आणि तक्रार केली की खांब मध्ये येतो, राणी नीट दिसणार नाही.

दोन सख्खे भाऊ होते, बांधावरून तीस वर्षं अबोला. बांध गेला, शेत गेलं, तिथे रस्ता झाला, अबोला राहिला. त्यांनी वेगवेगळं सांगितलं की आपल्याला रस्त्याच्या या बाजूला आणि त्याला त्या बाजूला. हरिभाऊंनी त्यांना अगदी समोरासमोर उभं केलं. मध्ये बग्गी. "बग्गी पुढे गेली की एकमेकांची तोंडं दिसतील. मग बघू," म्हणाले.

एकाला घोड्यावर बसायचं होतं. त्याला नाही म्हटलं. घोड्यावर आधीच शिपाई होता आणि रेषा ज्याची त्याची. आणि एकाने नकोच म्हटलं. गणा पाटील. जमीन घेतली तेव्हा न विचारता घेतली, आता चित्रातसुद्धा घेता काय, म्हणून त्याने यांना दारातून परत पाठवलं. हरिभाऊ मला चित्रात बोट ठेवून दाखवत, झेंड्याच्या काठीपाशी एक माणूस, हाताची घडी घातलेला, पूर्ण बिनरंगाचा. "हा गणा. नको म्हणाला, म्हणून रंग नाही दिला. उभा आहे तसाच." मी म्हटलं, मग तो गणा पाटील कशावरून? ते म्हणाले, "त्याचं नको मी ऐकलं यावरून. एकदा तरी कुणी ऐकायला नको का?"

अशी बारा वर्षांत एकशे बेचाळीस माणसं झाली. यादी कुठेच नव्हती. ती त्यांना तोंडपाठ होती, सर्व्हे नंबराच्या क्रमाने.

मलाही त्यांनी विचारलं होतं. आमची इमारत त्यांच्या चुलत्यांच्या शेतावर, तेव्हा तुम्हीही आमच्याच, असं म्हणाले. मी हसून नको म्हटलं. मी इथली नाही हे एक कारण सांगितलं. दुसरं त्यांनी ओळखलं. मला तो सगळा खेळ मनातून पटत नव्हता. एकतीस वर्षं दर मे महिन्याच्या सुट्टीत मी खोडरबर घेऊन बसायची आणि पुस्तकांतल्या पेन्सिलीच्या खुणा पुसायची. समासातल्या टिपा, अधोरेखित ओळी, कुणाकुणाची नावं. छापलेल्या पानावर दुसऱ्याने हात चालवू नये, ही माझी शिस्त. हरिभाऊ मला त्यावरून चिडवायचे. "बाईंच्या हाती गाव दिलं तर बाई माणसं पुसून घरं स्वच्छ करतील," असं एकदा म्हणाले होते. आम्ही तिघंही हसलो होतो.

दोन वर्षांपूर्वी ते न्हाणीघरात घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. वाशीला ऑपरेशन झालं, मग दीड महिना मुलाकडे पनवेलला. त्या पावसाळ्यात चित्रावर तपकिरी डाग पडले होते आणि खालचा कोपरा कसरीने खाल्ला होता. मी हॉस्पिटलात त्यांना म्हटलं, आमच्या कॉलेजची एक जुनी विद्यार्थिनी जुने कागद दुरुस्त करते, तिच्याकडे देऊ का? ते खूश झाले. "कोपरा तेवढा वाचवा, बाई. तिथे माझी मावशी आहे."

वहिनींनी फ्रेम जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या हाती दिली.

तीन आठवड्यांनी त्या मुलीचा फोन आला. मी भाजी निवडत होते. ती म्हणाली, मॅडम, डाग निघाले, कोपरा जोडला. पण गर्दीत कुणीतरी नंतर साध्या रंगाने रंगवलंय. मूळ काम नाही ते. खाली छापाची शाई पक्की आहे, हलक्या ओल्या बोळ्याने वरचा रंग सहज निघेल. काढू का?

इथे मला नेमकं लिहायला हवं. मला फसवलं गेलं नाही. मला माहीत नव्हतं असंही नाही. ती काय विचारते आहे ते मला कळलं होतं. धर्मीबाय, ते दोघं भाऊ, सगळे माझ्या डोळ्यांसमोर आलेसुद्धा. पण त्याच वेळी मला ते चित्र जसं छापलं होतं तसं, स्वच्छ, बघायची फार इच्छा झाली. आणि हाताला खोडरबराची सवय होती. मी विचार केला असं म्हणण्याइतकाही वेळ घेतला नाही. हातात मेथीची जुडी होती.

मी म्हटलं, "काढ."

चित्र परत आलं तेव्हा ते अप्रतिम दिसत होतं. कागद उजळला होता, बग्गीचं सोनं, शिपायांचा लाल. आणि दोन्ही बाजूंना करडी, बारीक, बिनरंगाची गर्दी. मी ते बघून आनंदले, हे मी लपवणार नाही. तो आनंद तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर येईपर्यंत टिकला.

हरिभाऊ काठी घेऊन खुर्चीत बसले होते. मी आणि वहिनींनी मिळून फ्रेम खिळ्यावर लावली. त्यांनी भिंग काढलं, उठले आणि डाव्या कोपऱ्यापासून बघायला सुरुवात केली. मी बोलत होते. कागदाबद्दल, डागांबद्दल, ती मुलगी किती हुशार आहे याबद्दल. ते सरकत सरकत उजवीकडे गेले. देवळाच्या पायरीपाशी थांबले. मग शेवटपर्यंत गेले. भिंग पुसून खिशात ठेवलं आणि खुर्चीत येऊन बसले.

"डाग छान निघाले," ते म्हणाले.

वहिनी तोवर चित्राजवळ गेल्या होत्या. त्यांना भिंग लागत नसे. कुणाचं लुगडं कुठे आहे हे त्यांना घर ओळखावं तसं माहीत होतं. त्या वळल्या तेव्हा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"ताय," त्या म्हणाल्या, "एकदा सरकारानं उठवली, एकदा तुमी."

हरिभाऊ त्यांना म्हणाले, "चहा टाक." आणि वहिनींनी टाकला. मी तो प्यायले. कसा प्यायले कोण जाणे.

पुढच्या आठवड्यात मी वही घेऊन गेले. म्हटलं, तुम्ही नावं सांगा, जागा सांगा, मी लिहून घेते. रंग मी आणून देते. सगळं परत उभं करू. त्यांनी वही मिटून माझ्याकडे दिली. त्यांना माझी कीव आली असावी.

"आठवायचं काय, सगळं पाठ आहे," ते म्हणाले. "पण बाई, विचारायचं कुणाला? एकशे बेचाळीसांतले आता नऊ राहिले. धर्मीबाय गेली. ते दोघं भाऊ गेले. तेव्हा त्यांनी हो म्हटलं ते तेव्हाचं. ते पुसलं गेल्यावर मी आपल्या मनाने परत कसं उभं करू? मनाने रंगवायचं तर पहिला पिवळा काय वाईट होता?"

मी म्हटलं, मग त्या नऊ जणांना तरी.

"नऊ जणांना उभं करून बाकीच्यांना काय सांगू?"

त्यानंतर त्यांनी ब्रश हातात घेतला नाही. त्यावरून मला कधी एक शब्द बोलले नाहीत. खळ्यावर भेटत, पुरवणी परत आणून देत, नातवाच्या इंग्रजी निबंधात चुका दाखवायला मला बोलावत. मीच त्यांच्याकडे बघताना आधी ओठाकडे बघायची. तो स्वच्छ असायचा. दीड वर्षं मी तो स्वच्छ ओठ बघितला. खरं तर ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मी कितीदा मनात म्हटलं, आणि दर वेळी कळलं की हेही मी माझ्याच सोयीसाठी म्हणते आहे.

या वर्षी त्यांची तब्येत खालावत गेली. छातीत पाणी होत होतं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी वहिनींनी मला बोलावलं. खाली गेले तर चित्र भिंतीवरून काढून, काच बाजूला करून, पलंगावर पाटावर ठेवलं होतं. हरिभाऊ उशांना टेकून बसले होते. शेजारी बशीत रंग होते, एका वाटीत पाणी.

"बाई, तुम्हाला परत विचारायचं होतं," ते म्हणाले. श्वास लागत होता, म्हणून थांबून थांबून. "कुठे उभ्या राहणार?"

मी म्हटलं, मला तिथे उभं राहण्याचा काही अधिकार नाही.

"अधिकार नाही विचारला. नको असेल तर नको म्हणा. मी ऐकेन."

नको म्हणणं सोपं होतं. मी त्या चित्राकडे बघितलं. त्या सगळ्या करड्या गर्दीत एकच माणूस मला नक्की ओळखता येत होता, कारण माझ्या बोळ्याने त्याचं काही गेलं नव्हतं.

"गणा पाटलांच्या शेजारी," मी म्हटलं.

ते हसले. खोकला येईपर्यंत हसले. "तो तुमच्याशी बोलणार नाही."

"चालेल."

त्यांनी माझ्या साडीकडे बघितलं. आमसुली होती. बशीत दोन रंग कालवले, ब्रश बुडवला, ओठांत धरला. झेंड्याच्या काठीपाशी, घडी घातलेल्या हातांच्या माणसाला लागून, टोपीवाली एक बाई होती. तिच्यावर त्यांनी ब्रश टेकवला. पदरापर्यंत रंग नीट गेला आणि मग निसटला. रेषेबाहेर, गणा पाटलाच्या खांद्यावर.

मी त्यांना ओळखत होते त्या सगळ्या वर्षांत त्यांचा रंग रेषेबाहेर गेलेला मी बघितला नव्हता. त्यांनी ब्रश खाली ठेवला. तोंड कसंनुसं झालं.

"त्याने नको म्हटलं होतं," ते म्हणाले. मग वाटीशेजारचा कापूस उचलून माझ्यापुढे धरला. "पुसा, बाई. तुम्हाला येतं."

ते चिडवणं होतं की आणखी काही, मला आजही ठरवता येत नाही. मी कापूस ओला केला, पिळला आणि त्या माणसाचा खांदा पुसला. इतका हळू मी आयुष्यात काही पुसलं नसेल. हरिभाऊंनी भिंग लावून बघितलं.

"आता बरोबर," म्हणाले. "जा तुम्ही. वाळायला वेळ लागेल."

दारात वहिनी उभ्या होत्या. त्या बाजूला सरकल्या. मी चपला घालताना मागे वळून बघितलं. हरिभाऊ पाटावर वाकले होते. ओठावर आमसुली ठिपका होता. भिंग डोळ्याला लावून ते त्या बिनरंगाच्या गर्दीवरून, डावीकडून उजवीकडे, सावकाश जात होते आणि त्यातल्या एकेकाला नावाने हाक मारून सांगत होते, जरा सरका रं. बाईंना उबं राव द्या.